पाहणारा आणि पाहुणा

आमचे एक स्नेही मागील वर्षी इटलीस जाऊन आले. प्रवास सारा दहा दिवसांचा. त्यांपैकी दोन दिवस त्यांनी लिगुरियाच्या किनाऱ्यावर, कड्याच्या माथ्यावर वसलेल्या कोर्नील्या नावाच्या एका लहानशा गावी घालविले. परत आल्यावर एका संध्याकाळी त्यांनी त्या गावाचे जे वर्णन केले ते ऐकून आम्हांसही तेथे जाऊन आल्यासारखे वाटले. खाली समुद्रालगत रेल्वेचे स्टेशन, वर सुमारे शंभर मीटर उंचीवर गाव, आणि या दोहोंना जोडणारा विटांचा नागमोडी जिना. पायऱ्या पावणेचारशेंहून काही अधिक. त्यांनी त्या मोजल्या होत्या. गावात चौदाव्या शतकातील एक चर्च आहे, ते त्यांनी पाहिले. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या आधाराने उभे असलेले द्राक्षांचे मळे पाहिले. सूर्य समुद्रात बुडताना पाहिला. 'पाहिले' हे क्रियापद त्यांच्या बोलण्यात इतक्या वेळा आले की शेवटी आम्ही सहज विचारले, "गावात कोणाशी काही बोललात की नाही?" ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, "खाणावळीतल्या मुलीशी बोललो. पण तीही बाहेरदेशातून नोकरीसाठी आलेली निघाली."

हा प्रश्न आम्ही थट्टेने विचारला खरा. परंतु ते उठून गेल्यावर तोच प्रश्न आमच्या मागे लागला. चार दिवसांची रजा काढावी, एखादे जुने गाव गाठावे, तेथील देवळे, वाडे, गल्ल्या आणि पक्वान्ने यांचा आस्वाद घ्यावा आणि सोमवारी पुन्हा कचेरीत हजर व्हावे, असा जो प्रकार सांस्कृतिक सहल या नावाने हल्ली रूढ झाला आहे, त्यात नीतीचा म्हणून काही प्रश्न आहे काय? की ती केवळ हौसेची व ऐपतीची बाब समजून सोडून द्यावी? आमच्या मते प्रश्न आहे. मात्र लोक तो जेथे शोधतात तेथे तो नाही.

अशा सहलींवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप त्यांच्या तोकडेपणाचा असतो. दोन दिवसांत गाव काय कळणार, वर्ष-सहा महिने राहिल्याखेरीज एखाद्या प्रदेशाविषयी तोंड उघडू नये, असे सांगणारे विद्वान आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. या आक्षेपात आम्हांस फारसे तथ्य दिसत नाही. पुण्याच्या कसबा पेठेत जन्म काढलेल्या कित्येक गृहस्थांनी शेजारच्या वाड्याची कोरीव तुळई मान वर करून कधी पाहिलेली नसते. त्या वाड्याच्या जागी सहा मजली इमारत उभी राहिली म्हणजे मग त्यांना तिची आठवण येते. दीर्घ सहवासाने दृष्टी येते असे नाही. बहुधा ती जाते. नवख्याच्या डोळ्याला जो ताजेपणा असतो तो रहिवाशाला नवस करूनही मिळत नाही. शिवाय वर्षभर परगावी राहण्याची सवड कोणाला असते? ज्याला पोटाची चिंता नाही त्याला. शाळामास्तराने किंवा कारकुनाने शिल्लक पडलेल्या चार रजा खर्चून एखादे लेणे पाहून यावे आणि त्याला आपण उथळ म्हणावे, ही रिकामटेकड्यांची मिजास झाली. थोडे पाहणे हा दोष नव्हे. मग आमच्या स्नेह्यांचे वर्णन ऐकताना आम्हांस मधूनमधून जे टोचत होते ते काय?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, 'पाहणारा' आणि 'पाहुणा'. कानाला दोन्ही एकाच धातूपासून निघालेले वाटतात. तसे ते नाहीत. 'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघुण' या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आलेला आहे आणि त्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही. पण हा योगायोग मोठा उद्बोधक आहे. पाहणारा पाहतो, त्याला कोणी पाहत नाही, निदान आपणास कोणी पाहत आहे याची त्याला क्षिती नसते. पाहुण्याचे नेमके उलटे. तो गावाच्या वेशीत शिरला की प्रथम त्यालाच पाहिले जाते. पारावरची मंडळी विचारतात, "कोणाकडचे पाहुणे?" या प्रश्नाला उत्तर देता आले पाहिजे, ही पाहुणेपणाची पहिली अट. कोणाच्या तरी घराच्या नावाने तो ओळखला जातो, त्याच्या वागण्याचा बोल त्या घरावर येतो, आणि तोही हे जाणून असतो. पाहणाऱ्याने पैसे मोजलेले असतात. त्याला 'कोणाकडचे' असे विचारणे त्याला अपमानास्पद वाटेल. तो कोणाकडचाच नसतो.

आपल्याकडील प्रवासाची जुनी रीत म्हणजे यात्रा. यात्रेकरू तरी क्षेत्री असा किती दिवस राहत असे? एक रात्र, तीन रात्री. त्यापेक्षा अधिक राहण्याची ऐपत फार थोड्यांची. तेव्हा मुक्कामाच्या आखूडपणात आजच्या प्रवाशात आणि त्याच्यात फरक नाही. फरक होता तो असा की, क्षेत्री पोहोचल्याबरोबर त्याच्याकडे काही मागणी होई. उपवास कर, स्नान कर, पितरांचे श्राद्ध कर, यथाशक्ति दे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कोण आहे हे विचारले जाई. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, बापाचे नाव, आज्याचे नाव, मूळ गाव लिहून घेत आणि ज्याला लिहिता येई त्याच्याकडून खाली सही घेत. आज नाशिकास गेलो तर आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर एखाद्या जीर्ण पानावर सापडण्याचा संभव आहे. यात्रेकरू क्षेत्र पाही. पण क्षेत्रही त्याला पाहून, नोंदवून घेई. या गोष्टीला आम्ही सोवळे नेसवू इच्छीत नाही. उपाध्यांचा लोभ प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांमागोमाग पटकी गावोगाव पसरत असे, हेही विसरण्यासारखे नाही. यात्रेकरू येताना भक्ती आणीत आणि जाताना कित्येकदा मरण ठेवून जात. म्हणून जुने तेवढे सोने असे आम्ही म्हणत नाही. त्या रीतीत एक गोष्ट होती आणि ती आजच्या सहलीत नाही, इतकेच आमचे म्हणणे आहे.

हा वाद येथेच राहिला असता. पण आमच्या स्नेह्यांना तो लागला असावा. ते एके दिवशी येऊन म्हणाले, "कोर्नील्यासारखे आपल्याकडे तरी काय आहे दाखवा. मी तेथेही दोनच दिवस राहीन. पाहू या काय फरक पडतो." आपल्याकडे कड्यावरची गावे कोकणात आहेत, समुद्रही आहे, पण आम्हांस का कोण जाणे त्या जिन्यावरून परभणी जिल्ह्यातील वालूर आठवले. तेथे समुद्र नाही, कडा नाही. सपाट काळी जमीन आहे. परंतु कोर्नील्यास पायऱ्या वर गावाकडे जातात, तशा वालूरला त्या खाली पाण्याकडे जातात. आम्ही म्हटले, "चला, यंदा उतरून पाहू."

माघाच्या सुरुवातीस आम्ही निघालो. मनमाडहून परभणीकडे जाणारी रेल्वे निजामच्या राज्यात विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरू झाली. तिच्यावरील सेलू स्टेशनात उतरून पुढे सडकेने वालूर गाठता येते. वाटेत दोन्ही बाजूंस तूर कापून रिकामी झालेली शेते, मध्येच ज्वारीचे उभे पीक, आणि वेचणी संपून काळपट पडलेल्या पऱ्हाट्या. बेसाल्टाच्या थरावर बसलेली ही काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तडकून तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी येथे दुर्मीळ नाही, बेभरवशाचे आहे. आणि बेभरवशाच्या वस्तूसाठीच माणूस इतकी बुद्धी खर्च करतो. मराठवाड्यात गावोगाव ज्या बारवा दिसतात त्यांचे मूळ या बेभरवशात आहे.

वालूरच्या बारवेला चक्राकार बारव म्हणतात. सामान्यतः बारवेला एका किंवा अधिक बाजूंनी सरळ उतरणारा जिना असतो. येथे पायऱ्या वर्तुळ घेत खाली जातात, आणि वरून पाहताना एखाद्या मोठ्या शंखाच्या पोटात डोकावल्यासारखे वाटते. आमचे स्नेही काठावर उभे राहिले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग 'हेमाडपंती!' असे उद्गारून ते पायऱ्या मोजू लागले. हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा करणाधिप. पण त्याचे नाव आपण जुन्या दगडी कामाला इतके सरसकट लावतो की एवढे सगळे बांधायचे तर त्या बिचाऱ्याला दप्तर पाहण्यास वेळच मिळाला नसता. असो. त्यांचा आनंद खरा होता आणि आम्हांसही तो झाला. दगडात दगड चुन्यावाचून बसवून खोल पाण्याला असा घाट देणाऱ्या हातांपुढे कोणाचीही मान लवेल.

परंतु त्या सौंदर्यात एक गोम आहे. बारवेच्या पायऱ्या शोभेसाठी केलेल्या नसतात. पाणी ज्या महिन्यात ज्या पातळीला असेल तेथवर माणसाला घागर घेऊन पोहोचता यावे म्हणून त्या असतात. भाद्रपदात वरच्या चार पायऱ्या उतरल्या की हात ओला होतो. वैशाखात तळापर्यंत जावे लागते. म्हणजे ते एक दगडी पंचांग आहे, आणि दोन दिवसांसाठी येणाऱ्याला त्यातील एकच तिथी दिसते. ज्या पायऱ्यांवर आमच्या स्नेह्यांची दृष्टी खिळली होती, त्या उघड्या दिसत होत्या कारण पाणी खाली गेले होते. पाहणाऱ्याच्या दृष्टीने बारव उन्हाळ्यात अधिक सुंदर. ज्याला प्यायचे आहे त्याच्या दृष्टीने भादव्यात, जेव्हा शिल्प म्हणून तिच्यात पाहण्यासारखे फारसे उरलेले नसते. सौंदर्य आणि उपयोग यांचा असा उघड वैरभाव आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिला. कोणी म्हणेल, वस्तू निकामी झाली म्हणजेच ती सुंदर दिसू लागते. नांगर चालू असेपर्यंत तो नांगर, मोडला की दिवाणखान्यातील भिंतीवर. हे खरे असेल तर रसिक हा नेहमी वारसदारासारखा, मालक मेल्यावर येणारा.

संध्याकाळी पारावर बसलो असता आमच्या स्नेह्यांनी ती हळहळ बोलून दाखविली. केवढी ही वास्तू, आणि लोकांनी ती इतकी वर्षे विसरून गाळाने भरू दिली! आपल्या समाजाला वारशाची कदरच नाही! हे उद्गार आपण सारेच काढतो. आम्हीही पूर्वी काढलेले आहेत. तेथे एक वृद्ध बाई नातवाला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "लोकांनी उगंच नाही सोडल्या बारवा. माज्या म्हायेरी बारव व्हती. माज्या आईला तिच्या पाण्यानं नारू झाला. पायातून निघाला. रोज काडीला गुंडाळायचा, बोटभर. तुटला की पाय सुजायचा. पेरणीचा सारा वकत ती खाटंवर."

आमच्या पिढीतील पुष्कळांनी नारू हा शब्द केवळ पुस्तकात वाचला असेल. या रोगाचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांच्या पोटी असतात. ते पाणी प्यायल्यावर शरीरात हात-दीड हात लांबीचा कृमी वाढतो, आणि सुमारे वर्षभराने तो बहुधा पायातून फोड फोडून बाहेर येऊ लागतो. आग शमविण्यासाठी रोग्याने पाय पाण्यात बुडविला की कृमी आपली असंख्य पिले त्या पाण्यात सोडतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. ज्या विहिरीत माणसाला उतरता येते, पाय बुडवून घागर भरता येते, ती विहीर या चक्राला अत्यंत सोयीची. दोराने पाणी शेंदण्याची विहीर गैरसोयीची. म्हणून रोगनिर्मूलनाच्या मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा त्यांची शेंदण्याच्या विहिरींत पालटणी करणे हा एक मुख्य उपाय होता. महाराष्ट्र हा नारूग्रस्त प्रांतांपैकी एक. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. ज्या पायऱ्यांच्या घाटावर आम्ही लुब्ध झालो होतो त्याच पायऱ्या या रोगाचा राजमार्ग होत्या. पुढे हातपंप आले, विंधनविहिरी आल्या, नळ आले, आणि लोक बारवेकडे फिरकेनासे झाले. त्यांनी वारसा विसरला असे म्हणण्यापेक्षा त्यांनी पाय वाचविला असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

दुसरी एक गोष्ट त्या पारावर कोणी बोलले नाही. ती आमच्याच मनात आली. आम्ही दोघे परगावचे, जातपात कोणी न विचारता त्या पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत गेलो. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील बहुतेक गावांत सार्वजनिक पाणवठ्यावर असे कोणालाही उतरता येत नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि पुढे जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉक्टर आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांसह जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. तेवढ्याने दंगल झाली. पूर्तधर्मात विहीर, बारव, तलाव, देवालय, बाग, अन्नदान यांची गणना केलेली आहे आणि विहीर खोदणाऱ्याचे पुण्य फार मोठे सांगितले आहे; पण ती विहीर सर्वांची असावी ही अट त्या पुण्याला गावाने कधी लावली नाही. बारवेच्या फोटोत पायऱ्या येतात. त्या पायऱ्यांच्या वर घागर घेऊन, कोणी तरी पाणी वाढील म्हणून तिष्ठत उभी राहिलेली बाई येत नाही. हे माहीत झाल्याने बारव कमी सुंदर होते असे आम्हांस वाटत नाही. मात्र हे माहीत नसताना तिला नुसते सुंदर म्हणणे हे अर्धवट पाहणे आहे, आणि हा अर्धवटपणा मुक्काम वाढवून जाणारा नव्हे. त्या बाईने दोन मिनिटांत जे सांगितले ते आम्ही तेथे दोन महिने राहूनही, कोणाशी न बोलता, कधीच पाहू शकलो नसतो.

आता ही बारव स्वच्छ आहे, ती कोणामुळे? २०२० नंतर महाराष्ट्रात जुन्या बारवांची नोंद करण्याची व त्यांचा गाळ काढण्याची जी चळवळ पसरली तिच्यात परभणी जिल्हा पुढे आहे, आणि वालूरकरांनी आपली बारव श्रमदानाने उपसली. महाशिवरात्रीस अशा बारवांच्या पायऱ्यांवर दिवे लावण्याचा प्रघातही पडला आहे. म्हणजे ज्यांच्या आयामायांनी तिला नारूच्या भयाने सोडले, त्यांच्याच मुलांनी ती पुन्हा हाती घेतली. या वेळी पाण्याच्या गरजेपेक्षा ममतेने. गाळाचे टोपले डोक्यावर घेऊन ती वळणे ज्याने चढली असतील त्याला पायऱ्या किती हे सांगावे लागत नाही. त्याच्या गुडघ्यांना ते ठाऊक असते. आमच्या स्नेह्यांनी तेथील एका तरुणाला आपला आकडा सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, "खालच्या धरल्या नाहीत वाटतं. पाण्यात हायेत अजून."

त्या रात्री स्नेही पुन्हा इटलीकडे वळले, पण निराळ्या सुरात. कोर्नील्या ज्या पाच गावांपैकी एक, त्या चिंक्वे तेर्रेचा सारा डोंगर माणसाने केलेला आहे. शतकानुशतके तेथील शेतकऱ्यांनी कोरड्या दगडांचे बांध रचून उभ्या कड्यावर पायऱ्यापायऱ्यांची शेते केली. १९९७ साली या भूभागाला जागतिक वारशाचा मान मिळाला तो मुख्यतः या बांधांसाठी. पण बांध म्हटला की तो दर पावसाळ्यात कोठे तरी ढासळणारच आणि कोणी तरी तो पुन्हा रचावयासच हवा. प्रवासी वाढले तसे द्राक्षांच्या मळ्यात कंबर मोडण्यापेक्षा त्यांना खोली भाड्याने देणे सोपे झाले. मळे ओस पडले, बांध सुटू लागले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टीने डोंगराचा चिखल वेर्नात्सा व मोन्तेरोस्सो या दोन गावांत शिरला, माणसे दगावली. पुढल्या वर्षी रिओमाज्जोरे व मानारोला यांमधील कड्याच्या कडेची प्रसिद्ध 'प्रेमाची वाट' दरड कोसळून काही प्रवासी जखमी झाल्याने बंद करावी लागली. ती पूर्णपणे उघडली २०२४ साली, तिकीट लावून. दरडीला अनेक कारणे असतात आणि सारा दोष प्रवाशांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि जे पाहावयास लोक येतात ते उभे ठेवणारे हातच त्या येण्याने दुसऱ्या कामाला लागतात, हे वर्म तेथे उघडे पडले आहे. आमचे स्नेही म्हणाले, "मी त्या मळ्यांचे चाळीस फोटो काढले. त्यांपैकी पडीक किती होते, कोण जाणे. पडीक मळाही फोटोत हिरवाच दिसतो."

व्हेनिसने २०२४ सालच्या एप्रिलपासून गर्दीच्या दिवशी येणाऱ्या प्रवाशांस पाच युरो प्रवेशकर लावला, आणि त्यात एक मौजेची तरतूद केली: जो शहरात रात्री मुक्काम करील त्याला हा कर माफ. मुक्काम करणारा अन्य रूपाने कर देतोच, हा त्यातील हिशेब आहे, हे खरे. पण कायद्याच्या रुक्ष भाषेत का होईना, त्या शहराला पाहणारा आणि पाहुणा असा भेद करावासा वाटला. पाच युरोंनी हा भेद भरून येईल असे आम्हांस वाटत नाही. दिलेल्या पैशाने माणूस ऋणी होण्याऐवजी बहुधा ऋणमुक्तच होतो; 'मी तिकीट काढले आहे' हे वाक्य जगात कोठेही नम्रतेने उच्चारलेले आम्ही ऐकले नाही. तसेच दोन दिवसांच्या पाहुण्याने हौसेने एखादे टोपले उचलावे आणि त्याचा फोटो काढून घ्यावा, हाही उपाय नव्हे. तो तर गावाच्या घामावर आपली सही करण्याचा प्रकार झाला. मग त्याने काय करावे? निदान एवढे तरी, की जसे आपण प्रश्न विचारतो तसे आपल्यालाही विचारू द्यावे, आणि उत्तर देण्यासाठी थांबावे. हे ऐकण्यास सोपे वाटते. ते सोपे नसल्याचा अनुभव आम्हांस दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा बारवेवर गेलो होतो. कालचीच ती बाई वाटेत भेटली. तिने आमच्या स्नेह्यांना विचारले, "कुण्या गावचे म्हणायचे तुमी?"

"पुण्याचा, आजी."

"पाणी कुटून येतंय तुमाला?"

"नळाला येते."

"नळाला कुटून?"

स्नेह्यांनी आमच्याकडे पाहिले. "खडकवासल्याहून," आम्ही म्हणालो.

"आन खडकवासल्याला?"

"वर पानशेत, वरसगाव अशी धरणे आहेत. तेथून."

बाईने मान डोलावली. निम्न दुधनेचे धरण याच सेलू तालुक्यात आहे. धरण म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. थोडा वेळ थांबून तिने विचारले, "कोणाची गावं गेली तितं?"

आमच्या स्नेह्यांचा सारा जन्म पुण्यात गेला आहे, आमचा निम्मा. बाई उत्तराची वाट पाहत उभी होती. तिला घाई नव्हती. शेवटी तिनेच "बरं, गाडी चुकंल तुमची" म्हणून आम्हांस मोकळे केले आणि ती नातवाचा हात धरून चालू लागली.

सेलूहून गाडी सुटल्यावर स्नेह्यांनी खिशातून टिपणवही काढली. पायऱ्यांचा आकडा लिहिलेले पान त्यांनी उलटले आणि कोऱ्या पानावर लिहू लागले: पानशेत, वरसगाव. तिसऱ्या नावाशी पेन्सिल थांबली. मनमाड येईपर्यंत वही तशीच त्यांच्या मांडीवर उघडी होती.